पेटीतले एकतीस प्रश्न

३ ऑगस्ट, सोमवार

आजपासून ही वही. कॉलेजनं आम्हा सगळ्या भावी शिक्षकांना ऑनलाइन चिंतन लिहायला सांगितलंय, रोज दोनशे शब्द, आणि ते आमचे सर वाचणार. सर वाचणार म्हटल्यावर तिथे खरं कोण लिहील? तिथे मी लिहिलं, आजचं सत्र प्रेरणादायी होतं. इथे लिहिते, आजच्या सत्रानं डोकं उठलं.

सरांना मी मनातल्या मनात डॅशबोर्ड सर म्हणते, कारण त्यांच्या तोंडी दुसरा शब्दच नाही. आज त्यांनी दीड तास बोलून आम्हाला सांगितलं की शिक्षकानं सलग सात मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. मागे पडद्यावर रंगीत गोल फिरत होते. अर्धा वर्ग टेबलाखाली मोबाइल बघत बसला होता, तर सर म्हणतात कसे, "बघा, तुम्ही सगळे आत्तासुद्धा ऑनलाइनच आहात!" आणि स्वतःच हसले.

नियम असा: शाळेत जाऊन सातवीला विज्ञानाचे दहा सराव पाठ घ्यायचे. अकरावा पाठ अंतिम, त्याला बाहेरचे परीक्षक. प्रत्येक पाठात किमान एक ऑनलाइन साधन हवंच. आणि सगळ्यात शेवटी निबंध, 'ऑनलाइन साधने आणि मी: एका भावी शिक्षकाचे चिंतन'. मथळा वाचूनच जांभई आली.

गेल्या वर्षी मी अंतिम पाठात नापास झाले ती ह्याच खुळापायी. शेरा होता, 'साधनांचा वापर शून्य'. अहो, माझ्याकडे खडू होता, फळा होता, जीभ होती! वक्तृत्वाचे सात कप आहेत घरात कपाटावर. पण परीक्षकांना पडद्यावर नाचणारा बेडूक हवा होता. ही दुसरी संधी, तिसरी देत नाहीत. ह्या वेळी गचकले तर पुन्हा कुरिअरच्या ऑफिसात पाकिटांवर चिठ्ठ्या डकवत बसायचं. चार वर्षं डकवल्या. पुरे झाल्या.

५ ऑगस्ट, बुधवार

साधन निवडायचं होतं. माझ्या जोडीला जी मुलगी दिली आहे ती प्रत्येक गोष्टीला "हो हो, हो हो" करते, म्हणून तिचं नाव हो-हो. हो-होनं सहा साधनं घेतली. गुणांची शर्यत, फिरणारं चाक, बरोबर उत्तरावर कागदाचे तुकडे उडतात ते, आणखी कायकाय. मी विचारलं, "आणि ह्यातून तू शिकवणार काय?" तर म्हणे, "ते अजून ठरायचंय."

मी सगळ्यात लहान साधन घेतलं. प्रश्नपेटी. शाळेत मुलांना टॅबलेट दिलेले असतात. तास चालू असताना मूल त्यावर प्रश्न टाइप करतं, तो माझ्या टॅबलेटवर येतो. नाव दिसत नाही. मी लेखी उत्तर देऊ शकते, ते फक्त त्या मुलाला दिसतं. म्हणजे ज्याला हात वर करायचं धैर्य नाही त्याच्यासाठी बीळ. मला विचाराल तर ज्याला शंका आहे त्यानं उभं राहून विचारावं. पण नियमाला नियम, पेटी उघडून ठेवीन. उत्तरं टाइप करत बसणार नाही, ते कारकुनी काम झालं.

१० ऑगस्ट, सोमवार

पहिला पाठ. चुंबक.

वर्ग लांबुडका आहे, अडतीस मुलं, पंखा चालू केला की त्याचाच आवाज जास्त. हो-होनं माझ्या आधीच्या तासाला फिरणारं चाक फिरवलं. पंचवीस मिनिटं ते चाकच फिरत होतं, इंटरनेट गेलं होतं. मी उभी राहिले आणि पंखा चालू असताना शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवला. एकदम चिडीचूप! मला माहीत होतं.

मागे शाळेच्या विज्ञानाच्या बाई बसतात, आमच्या पाठांवर शेरे लिहायला. निवृत्तीला आलेल्या, खुर्चीवर बसूनच शिकवणाऱ्या, तक्ते आदल्या दिवशी घरून रंगवून आणणाऱ्या. शेरे पेन्सिलीनं लिहितात, म्हणून पेन्सिलबाई. माझ्या शेरेवहीत त्यांनी काय लिहावं? 'आवाज उत्तम. फळ्याकडे तोंड करून बोलता.'

आता आकृती काढताना तोंड कुठे करायचं, छताकडे? शेकडो वर्षं शिक्षक फळ्यावर लिहितालिहिता बोलत आलेत. लिहायचं नि गप्प राहायचं, मग वळायचं नि बोलायचं, तर तास संपेल दोन आकृत्यांत.

एक पोरगी मात्र लक्षात राहिली. पहिल्या बाकावर, वेणीची दोन टोकं पुढे घेऊन बसलेली. पूर्ण तास पापणी न हलवता माझ्याकडे टकमक बघत होती. तिचं नाव टकमकच ठेवलं. एखादा असा ऐकणारा मिळाला की बोलणाऱ्याला आणखी काय हवं?

१३ ऑगस्ट, गुरुवार

दुसरा पाठ. शेरा: 'फळ्याकडे तोंड.' ह्या वेळी आवाज उत्तम असल्याचं लिहिलेलंसुद्धा नाही.

पेटीत दोन प्रश्न आले. 'तिसरा मुद्दा परत सांगाल का?' आणि 'आकृतीत उजवीकडचं काय आहे?' कमाल आहे! उजवीकडे काय आहे ते मी आकृती काढतानाच खणखणीत सांगितलं होतं. कानात बोळे घालून बसतात कार्टी. उत्तर दिलं नाही. एकाला दिलं की उद्या अडतीस जण आळशी होतील.

१८ ऑगस्ट, मंगळवार

घरी पाठाचा सराव केला. आई शिवणाच्या मशीनवर होती, धाकटी जमिनीवर पसरलेली. मी भिंतीवरच्या आरशाला फळा मानून पंधरा मिनिटं बाष्पीभवन सांगितलं. संपल्यावर आईला विचारलं, कसं वाटलं?

"मला काही कळलं नाही गं," आई म्हणाली.

"सातवीचं आहे ते, आई!"

"अगं, मशीन चालू असलं की तू माझ्याकडे तोंड करून बोललीस तरच मला कळतं. भिंतीला सांगितलंस तर भिंतीलाच विचार."

धाकटी खो खो हसली. मी म्हटलं वर्गात शिवणाचं मशीन नसतं. आई म्हणाली, "बरं बाई," आणि दोरा ओवायला घेतला.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

चौथा पाठ. पेटीत पाच प्रश्न. उतरवून घेते, कारण ह्याचा छडा लावायचाय.

'पाण्याच्या बाणाजवळ काय म्हणालात?'
'तुम्ही लिहिताना काहीतरी सांगितलं ना?'
'सगळ्यांनी वहीत खूण केली. कुठे करायची होती?'
'परत सांगा ना.'
'कृपया वळून सांगा.'

कृपया वळून! तासभर मला समजेना ही भाषा कुठे वाचलीय. मग ट्यूब पेटली. माझी शेरेवही! मी ती पाठ संपेपर्यंत टेबलावर उघडी ठेवते. कुणीतरी ती वाचली आहे, आणि आता पेन्सिलबाईंच्याच शेऱ्यावरून माझी टिंगल चाललीय. नाव दिसत नाही ना, मग काय, रान मोकळं! हेच सांगत होते मी. तोंड लपवायची सोय केली की पोरं शिकत नाहीत, उर्मट होतात. डॅशबोर्ड सर ह्याला 'सुरक्षित अवकाश' म्हणतात.

२४ ऑगस्ट, सोमवार

कोण ते कळलं. मागच्या बाकावरची पोपट. सगळ्यांच्या नकला करते ती. आज मधल्या सुट्टीत मी दारातून बघितलं: पाठ फिरवून, हात उंच करून, खड्या आवाजात ती "तर मुलांनो!" म्हणत होती, आणि सगळा वर्ग हसून लोळत होता. नक्कल बरी होती, ते कबूल. टकमक तेवढी हसत नव्हती. ती त्या हसणाऱ्यांच्या तोंडांकडे बघत होती, एकेकाच्या. माझा अपमान तिला सहन झाला नसावा.

पोपटचा टॅबलेट काढून घेतला. ती म्हणाली, "मी काय केलं, बाई?" म्हटलं, तुझं तुला ठाऊक.

२७ ऑगस्ट, गुरुवार

पोपटचा टॅबलेट माझ्या पिशवीत, तरी पेटीत चार प्रश्न! म्हणजे कार्टी शेजारणीच्या टॅबलेटवरून लिहिते. किती चिकाटी ही! एवढी अभ्यासात दाखवली असती तर वर्गात पहिली आली असती.

पेन्सिलबाईंना पेटी दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि म्हणाल्या, "प्रश्न बरे आहेत की. उत्तरं दिलीत का?"

"ही टवाळी आहे, बाई. तुमच्याच शेऱ्याची."

"असेल. पण फळ्याकडे तोंड करून बोलता ते खरंच आहे."

म्हातारीची सुई तिथेच अडकलीय.

३१ ऑगस्ट, सोमवार

कॉलेजात आढावा. डॅशबोर्ड सरांनी पडद्यावर रंगीत खांब काढले. माझा खांब सगळ्यात उंच! माझ्या पेटीत सहा पाठांत सत्तावीस प्रश्न. हो-होच्या सहा साधनांत मिळून चौदा. सर म्हणाले, "हा आहे सक्रिय वर्ग! ह्याला म्हणतात सहभाग! टाळ्या!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हो-होनं सगळ्यात जास्त.

मी म्हटलं, "सर, प्रश्न काय आहेत ते वाचलेत का?"

"संख्या बोलते ना," सर म्हणाले.

एक टवाळ कार्टी सत्तावीस वेळा चिडवते, आणि तो ह्या माणसाच्या लेखी सहभाग! उद्या कुणी अडतीस शिव्या टाइप केल्या तर ते शंभर टक्के सहभागाचं प्रमाणपत्र देतील. निबंधात हे लिहायची फार इच्छा आहे. पण पास व्हायचंय.

४ सप्टेंबर, शुक्रवार

आठवा पाठ. कंटाळा आला होता, लिहिण्यासारखं काही नाही. फक्त एक. तास संपल्यावर टकमक टेबलाशी आली, वही पुढे केली. वहीत माझी आकृती हुबेहूब, बाणसुद्धा तिथेच. पण नावं फक्त अर्ध्या भागांना. बाकी रिकामं. मी म्हटलं, "वा, छान आहे हं!" आणि सही केली. ती तशीच उभी राहिली, बोट त्या रिकाम्या जागांवर. मला पुढचा तास गाठायचा होता. मी फळा पुसतापुसता म्हटलं, "बाकीचं घरी पूर्ण कर, बाळ, पान त्रेचाळीसवर सगळं आहे." वळून बघते तर अजून तिथेच. लाजरी आहे.

ह्या वर्गात माझं कुणी असेल तर ती.

९ सप्टेंबर, बुधवार

दहाही सराव पाठ संपले. शेरेवहीत 'फळ्याकडे तोंड' सात वेळा. परीक्षक ही वही बघतात. एकच दोष सात वेळा म्हणजे 'सुधारणा नाही', आणि सुधारणा नाही म्हणजे सरळ दहा गुण कट. मी हिशेब मांडला. तसं झालं तर पास आणि नापास ह्यांत दोन-तीन गुणांचाच फरक उरतो.

मग मला युक्ती सुचली. अंतिम पाठात, परीक्षकांच्या डोळ्यांदेखत, मी फळ्याकडेच तोंड करून बोलणार. मुद्दाम! आकृती काढताकाढता, न वळता सांगणार: पेनं खाली, हात वर. अडतीस हात वर जातील. परीक्षक स्वतः बघतील की माझा आवाज पाठमोरा असला तरी शेवटच्या बाकावर पोचतो. पेन्सिलबाईंचे सात शेरे एका झटक्यात खोटे, आणि पेटीतल्या किड्यालाही उत्तर. धाकटीला सांगितलं तर म्हणाली, "ताई, तू पाठ घेतेयस की जादूचे प्रयोग?" तिला काय कळतंय.

१४ सप्टेंबर, सोमवार

पास! अंतिम पाठ झाला, आणि 'अ' श्रेणी!

सगळं नीट लिहिते. परीक्षक गोल चेहऱ्याचे, खुर्चीत मावेनात असे. शेजारी डॅशबोर्ड सर. पाठ होता उष्णतेचं संक्रमण. वहन झालं, अभिसरणाची आकृती काढायला घेतली. पातेलं, ज्योत, पाण्याचे बाण. आणि बाण काढताकाढता, मान इंचभरही न वळवता, मी म्हटलं, "सगळ्यांनी पेनं खाली ठेवा आणि उजवा हात वर करा."

मागे पेनं ठेवल्याचा आवाज झाला. वळले. हातच हात! काय दिसत होतं ते!

आणि पहिल्या बाकावर टकमक. एकटी. हातात पेन, मान खाली, पातेलं काढतेय. मग तिनं वर बघितलं, माझा चेहरा समोर दिसला, आणि ती हसली माझ्याकडे बघून.

माझं डोकंच फिरलं. सगळ्या जगानं दगा द्यावा, हिनं? परीक्षक पुढे वाकून बघत होते. दहा गुण, वर्ष, कुरिअरचं ऑफिस, सगळं त्या एका पोरीच्या पेनावर टांगलेलं. आणि मला सुचलं. पुन्हा फळ्याकडे वळून, खडूचा हात मागे तिच्या बाकाकडे करून मी म्हटलं, "उघड्या डोळ्यांनी झोप कशी काढायची, ते हिच्याकडून शिका!"

वर्ग जो हसला! मी वळले तर परीक्षकांचं पोट हलत होतं. डॅशबोर्ड सर टाळी देण्यासाठी हात शोधत होते. टकमकनं आजूबाजूला बघितलं, हात दिसले, आणि झटकन स्वतःचाही हात वर केला. उशिरा. त्यामुळे आणखी हशा. मग मी तास पुढे नेला आणि सुंदर संपवला.

शेरा लिहून घेते: 'वर्गावर विलक्षण पकड. हजरजबाबी. पाठमोरे असतानाही संपूर्ण वर्ग सूचना पाळतो.' संपूर्ण वर्ग. पेन्सिलबाई टकमकच्या बाकाशी जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या होत्या. आईनं घरी शिरा केला, आणि शेजारच्या काकू तीनदा येऊन गेल्या.

१५ सप्टेंबर, मंगळवार

निबंधासाठी पेटीतले सगळे प्रश्न काढायचे होते, म्हणून संध्याकाळी टॅबलेट उघडला. एकतीस. शेवटचा कालचा, तास संपायच्या पाच मिनिटं आधीचा.

'बाई, सगळे माझ्याकडे बघून का हसले?'

आधी वाटलं, पोपट. मग पुन्हा वाचलं. पोपटकडे बघून कुणी हसलं नव्हतं.

मग पहिल्यापासून सगळे वाचले. एकतीसच्या एकतीस. प्रत्येक प्रश्नासमोर वेळ असते, माझ्या पाठाच्या टाचणात कितव्या मिनिटाला काय ते असतं. दोन्ही शेजारी ठेवली. प्रश्न पाण्याच्या बाणाबद्दल, तेव्हा मी बाण काढत होते. प्रश्न वहीतल्या खुणेबद्दल, तेव्हा मी ती खूण फळ्यावर दाखवत होते. मी वर्गाकडे बघून जे बोलले त्यातलं एकही तिनं विचारलेलं नाही. एकही नाही!

आई म्हणाली, जेवायला ये. धाकटी म्हणाली, 'अ' श्रेणीवाल्या बाईंना जेवणसुद्धा पेटीतून मागवायचंय का? मी तिला असं काही बोलले की ती रडली. तिचा काय दोष.

मी डॅशबोर्ड सरांना महिनाभर हसले. त्यांनी प्रश्न वाचलेच नाहीत. मी तर रोज वाचले, इथे उतरवूनसुद्धा घेतले. माणसाला इतकं मूर्ख व्हायला सात कप लागतात बहुतेक.

१६ सप्टेंबर, बुधवार

पाठ संपलेत, शाळेत जायचं कारण नव्हतं. गेले.

आधी पेन्सिलबाईंना एकतीस प्रश्न आणि टाचण दाखवलं. त्यांना वाचायला वेळ लागला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला वाटायचं पोर जरा हळू आहे," म्हणाल्या. "माझ्या तासाला तिला जमतं. मला वाटायचं मी चांगलं शिकवते म्हणून."

"तुम्ही सात वेळा शेरा लिहिलात ना, बाई!"

"नियम म्हणून लिहिला हो. प्रत्येकाच्याच वहीत लिहिते मी तो."

त्यांनी तिच्या आईला फोन करून बोलावलं. आई कपड्याच्या दुकानात उभ्यानं काम करते, जेवणाच्या सुट्टीत धापा टाकत आली. आधी म्हणाली, असं काही नाही. मग म्हणाली, गेल्या वर्षी ताप आला होता मोठा, तेव्हापासून टीव्ही जवळून बघते. मग बसलीच खाली. शनिवारी कानाच्या डॉक्टरांकडे नेणार आहेत, पेन्सिलबाई सोबत जातायत. मीही जाईन म्हटलं. कुणी नको म्हणालं नाही, या असंही म्हणालं नाही.

व्हरांड्यात पोपट भेटली. तिचा टॅबलेट मी परत दिला आणि चुकले म्हटलं. ती म्हणाली, "तिला ना बाई, हाक मारून चालत नाही, समोर जावं लागतं. आम्हाला माहितीये."

"मग परवा हसलात कशाला?"

"तुम्ही म्हणालात म्हणून हसलो." आणि गेली पळत.

डॅशबोर्ड सरांचा निरोप आलाय की माझा निबंध राज्य पातळीवर पाठवायचा विचार आहे, एकतीस प्रश्नांचा आकडा ठळक लिहा. मी रात्री लिहून पाठवला. दीड हजार शब्दांत ऑनलाइन साधनं उपयुक्त आहेत एवढंच लिहिलं, ते कुणीही लिहू शकतं. तिच्याबद्दल एक शब्द नाही. ती पोर काही त्यांच्या पडद्यावरचा खांब नाही.

तिच्याशी बोलले ते शेवटी लिहितेय, कारण ते लिहायचं टाळत होते. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात. तिच्या समोर लहान बाकावर बसले, गुडघे मावेनात. खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर येईल असं बसायचं, हे पेन्सिलबाईंनी मला बाहेर सांगितलं होतं. नाव विचारलं. सव्वा महिना झाला, विचारलं नव्हतं. सांगितलं तिनं. गोड आहे. इथे लिहीत नाही.

सगळे का हसले ते तिला सांगितलं. मी काय म्हणाले तेही, शब्द न बदलता. तिनं ओठ वाचले आणि मान हलवली, शांतपणे. मी माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे." मला ते 'असू दे' नको होतं.

मग म्हणाली, "बाकीच्या बाईंचं मला कळतं. तुमचंच थोडं सुटतं."

मी विचारलं, "मग सगळा तास माझ्याकडे इतकं टक लावून का बघत बसायचीस गं?"

"तुम्ही वळलात की पहिला शब्द चुकायला नको म्हणून."